दुसरी प्रत

थळच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, काहीही विचारा. वय विचारा, खोटं का होईना पण सांगेल. बायकोनं काल कालवणात काय घातलं ते विचारा, चवीसकट सांगेल. फक्त मासळी कुठं लागली तेवढं विचारू नका. ‘लागली आपली, दर्यात,’ असं म्हणून तो विडी शिलगावेल आणि तुमच्याकडं पाठ करून बसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची! खोल पाण्यात कुठल्या खडकापाशी घोळ मासळी जमते, त्या जागेची खूण आज्याकडून बापाला आणि बापाकडून पोराला मिळते, आणि ती दुसऱ्या होडीच्या कानावर गेली की समजा गेलीच. सख्खे भाऊ एका ताटात जेवतात, पण खुणा वेगळ्या ठेवतात.

अंबाजी तांडेल या बाबतीत सगळ्यांचा बाप. त्याच्या होडीवर जीपीएसचं यंत्र आलं, तेव्हा त्यानं पहिलं काम काय केलं असेल? यंत्राच्या पडद्यावर फडकं टाकलं! खलाशांनासुद्धा आकडे दिसू द्यायचा नाही. ती खूण जगात आणखी एकाच माणसाला ठाऊक असायची, त्याच्या बायकोला, गोदूला. दर्यावर निघताना अंबाजी उंबऱ्यात थांबायचा, तिच्या कानाशी वाकायचा आणि या खेपेला कुठं चाललोय ते दोन शब्दांत सांगायचा. बोट आली नाही, तर शोधायला कुठं जायचं ते एका तरी जिवाला माहीत हवं, एवढंच त्यातलं शहाणपण. थळच्या बहुतेक घरांत हीच रीत. लहानपणी प्रणय खाटेवर पडल्या पडल्या ते बघायचा आणि त्याला वाटायचं, बाबा आईला काहीतरी गोड सांगतोय.

प्रणय म्हणजे अंबाजीचा एकुलता एक मुलगा. होडीवर त्याचं पोट ढवळायचं म्हणून बापानं त्याला शिकवलं. आता तो बेलापूरला एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. नोकरी तशी किरकोळच, दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम बिघडले की दुरुस्त करायचे. पण थळमध्ये काय, कॉम्प्युटरवर बसणारा तो एकटा, म्हणून तो मोठा इंजिनिअर.

गेल्या साली गावातली एक होडी गेली. तिच्या तांडेलाची बायको आधीच वारलेली, त्यामुळं कानात सांगायला कुणी उरलंच नव्हतं. शोधायला निघालेल्या बोटी तीन दिवस भलत्याच दिशेला फिरल्या. तेव्हा कुठं मच्छीमार सोसायटीच्या लोकांचे डोळे उघडले. निघताना प्रत्येक तांडेलानं सोसायटीच्या खोलीत एकट्यानं जायचं, कॉम्प्युटरवरच्या वहीत आपल्या जागेचे आकडे मारायचे आणि बाहेर यायचं, असं ठरलं. आकडे कुणी बघायचे नाहीत. बोट आली नाही तरच उघडायचे. प्रोग्रॅम कोण लिहिणार? प्रणय. अंबाजीची छाती चार बोटं फुगली.

प्रोग्रॅम दाखवायच्या सभेत भागोजी तांडेल उभा राहिला. भागोजीचं आणि अंबाजीचं खुणांवरून वीस वर्षं वाकडं. पण माणूस सरळ, बोलायचं ते तोंडावर बोलणारा.

“वही एकच? आन् ती सोसायटीत?” भागोजी म्हणाला. “म्हंजे आमच्या खुणा सदाच्या ताब्यात. बोट परत आली की आमच्या डोल्यांसमोर पुसली पायजे. आन् माझी एक ओळ पुसली असं यंत्र म्हनंल, त्यावर मी इस्वास ठेवू? आख्खी पाटी कोरी दिसली पायजे मना.”

सदा म्हणजे सोसायटीचा कारकून. बिचारा खाली मान घालून बसला होता.

“आख्खी पुसलीस आन् मागची बोट आली न्हाय, तर?” अंबाजी म्हणाला.

दीड तास भांडण झालं. शेवटी प्रणयनंच तोड काढली. दोन वह्या करू. एक हिरवी, एक निळी. जे लिहाल ते दोन्हींत उतरेल. पहिली बोट परत आली की तिच्या तांडेलासमोर हिरवी अख्खी कोरी करायची. निळी मात्र शेवटची बोट बंदराला लागेपर्यंत राहील, दोन पासवर्डच्या आत, एक सदाकडं, दुसरा चेअरमनकडं. आणि कॉम्प्युटर इंटरनेटला जोडायचा नाही, ही भागोजीची अट सगळ्यांनीच मान्य केली. खुणा काय, मुंबईच्या ट्रॉलरवाल्यांना वाटायच्या आहेत?

सभा संपली रविवारी दुपारी. नारळी पौर्णिमा दुसऱ्या दिवशी, आणि पौर्णिमेनंतर बोटी दर्यावर. प्रणयला पहाटे बेलापूरला परतायचं होतं. निळ्या वहीचा प्रोग्रॅम आधीच तयार होता, हिरवी तेवढी जोडायची राहिली होती. त्यासाठी दुसरी फाइल करायची, दोन्हींत लिहायचं, एकीत उतरलं नाही तर काय, याची तजवीज करायची. दोन तासांचं काम. पण सोसायटीच्या दारात दहा माणसं उभी, त्यात बाप, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारतंय, “झाला काय रं?” तेव्हा प्रणयला कंपनीतल्या कुणाच्या तरी प्रोग्रॅममध्ये पाहिलेली एक ओळ आठवली. उघड्या फाइलचं जे हँडल, म्हणजे धरायची कडी, आपल्या हातात असतं, त्याचं दुसरं हँडल करून देणारी. एक ओळ, बस! त्यानं ती टाकली आणि दुसरं हँडल पडद्यावरच्या हिरव्या खिडकीला जोडलं.

आणि काय सांगावं, लगेच चाललं! हिरव्यात एक-दोन-तीन लिहिलं, निळ्यात एक-दोन-तीन. निळ्यात चार, तर हिरव्यात चार. क्षणाचाही फरक नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भागोजीनं चष्मा पुसून दोन्हीकडची अक्षरं जुळवून पाहिली आणि म्हणाला, “जुलं हाईत जुलं!”

“आता पुसून दाखव,” सदा म्हणाला. “म्हंजे ध्यानात राहील माझ्या.”

प्रणयनं हात पुढं केला. तोच अंबाजी मागून ओरडला, “ए गप रं! होडी भायेर पडायच्या आदी पाटी पुसतंस व्हय? उद्या पुनव हाय. तोंडाला काय धरबंध?”

सगळ्यांनीच सदाला झापलं. भागोजीनंसुद्धा. निघण्याआधी पुसणं म्हणजे बोटीचं नाव पुसणं. इतका अपशकुन कोण करील? प्रणयनं हात मागं घेतला, सदाला तोंडीच सांगितलं, हे बटण दाबायचं, हिरवी कोरी होते, निळी राहते. चहा आला. अंबाजीनं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि काढायचं विसरून बराच वेळ तसाच बसला.

नारळ सोडले, बोटी गेल्या. अंबाजीबरोबर चार खलाशी होते.

चौथ्या दिवशी वारं फिरलं. अंदाज होता साध्या पावसाचा, आलं वादळ. बोटींनी जाळी ओढली आणि जमेल तशा माघारी वळल्या. पहिली आली भागोजीची, दुपारी बाराला. अंग भिजून काकडलेलं, पण ठरलं ते ठरलं, तो तसाच सोसायटीत गेला. तोवर कुणाची बोट हरवल्याचं कुणाच्या मनातही नव्हतं, सगळे वाटेवर आहेत असंच वाटत होतं. सदानं बटण दाबलं. हिरवी कोरी झाली. भागोजीनं बघितली, समाधानानं मान हलवली आणि घरी जाऊन झोपला.

संध्याकाळपर्यंत एकेक करून सगळ्या आल्या. अंबाजीची आली नाही. सकाळ उजाडली तरी आली नाही.

प्रणयला नऊ वाजता सदाचा फोन आला. “दादूस, निली उघडली रं आम्ही. चेअरमन हायेत, मी हाय. पन ती कोरी दिसतंय. आमचं काय चुकलं काय? तू ये.”

“पडदा बिघडला असेल,” प्रणय म्हणाला. “हात लावू नका. निघालो.”

त्यानं बाइक काढली. पनवेल गेलं, पेण आलं. सदा अडाणी आहे, चुकीची खिडकी उघडली असेल, असं तो स्वतःला सांगत होता. निळी आपण स्वतः जोडली, निळीची फाइल वेगळी, हिरवीची वेगळी. आणि वडखळ नाक्याला ट्रकच्या मागं थांबलेला असताना त्याला दिसलं, अगदी लख्ख दिसलं, की हिरवीची फाइल आपण केलीच नव्हती.

पेटीला एक कडी असते. तिला दुसरी कडी बसवली तर धरायला दोन जागा होतात. पेट्या दोन होत नाहीत. या कडीनं उघडून आत ठेवाल ते त्या कडीनं उघडल्यावर दिसणारच, पेटी तीच की! आणि या कडीला धरून पेटी उपडी केलीत, तर त्या कडीला धरून आत काय सापडणार? जुळी म्हणून सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या ती जुळी नव्हतीच. एकच पोर दोन आरशांत बघितलं होतं. ही गोष्ट पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. प्रणयलाही माहीत होती. त्या दुपारी फक्त ती आठवली नाही, कारण दारात दहा माणसं उभी होती आणि बाप बघत होता.

मागचे हॉर्न वाजवायला लागले. एक रिक्षावाला शिवी घालून गेला. प्रणयला बाइक गिअरमध्ये टाकता येईना.

थळला पोचला तेव्हा सोसायटीसमोर सगळं गाव होतं. होडीवरच्या चारही खलाशांच्या बायका एका बाकावर बसल्या होत्या. प्रणयला बघून त्या उठल्या, वाट करून दिली. डॉक्टर आला की करतात तशी. ते त्याला सोसवेना.

त्यानं फाइल बघितली. लांबी शून्य. तरी त्यानं उगाच सगळं चाळलं. बेलापूरच्या मित्राला फोन लावला, डिस्कमधून काही परत मिळेल का विचारलं. मित्रानं चार गोष्टी करायला लावल्या आणि मग म्हणाला, “नाही रे. नवीन डिस्क आहे आणि प्रोग्रॅम रात्रभर चालूच होता. यातून काही येत नसतं.”

सदाचा चेहरा पांढराफटक पडला होता. “दादूस, मी दुसरं बटन दाबलं काय रं?”

इथं एक क्षण होता. हो म्हटलं असतं तर सदानं ते जन्मभर आपल्या डोक्यावर घेतलं असतं, आणि कुणालाही काही कळलं नसतं. प्रणयच्या मनात तो विचार आला नाही असं मी म्हणणार नाही. पण तो म्हणाला, “नाही. तू बरोबर दाबलंस. दुसरी वही नव्हतीच सदा. मी केलीच नव्हती. दोन खिडक्या होत्या, आत फाइल एकच.”

कुणालाच कळलं नाही. चेअरमन म्हणाले, “म्हणजे? आम्ही डोळ्यांनी बघितलं की दोन्हीकडं.”

भागोजी कोपऱ्यात उभा होता. त्याला आधी कळलं. “आडात न्हाय तर पोहऱ्यात कुटून येनार,” तो हळू म्हणाला. “दोन पोहरे सोडलं व्हतं आपन. आड एकच.” आणि मग त्याच्या ध्यानात आलं, आड कुणाच्या हट्टानं उपसला गेला. तो मटकन खाली बसला. “मी पुसायला लावली रं. मी उभा राहून पुसायला लावली.”

प्रणयला कुणीही हात लावला नाही. कुणी शिवीही दिली नाही. एखाद्यानं कानफटात दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटलं.

टेबलावर फोन वाजला. तटरक्षक दलाचे साहेब. माणूस चांगला होता, तिसऱ्यांदा फोन करत होता. “एक ठिकाण द्या,” तो म्हणाला. “अंदाजे द्या, दहा मैल इकडं तिकडं चालेल. दुपारनंतर हवा पुन्हा बिघडतेय. तोवर हेलिकॉप्टरची एकच फेरी होईल. पश्चिमेला, एवढ्यावर मी ते कुठं पाठवू?”

तेव्हा भागोजी उठला. थळमध्ये कधी झालं नव्हतं ते झालं. तो भर सोसायटीत, सगळ्या तांडेलांसमोर, आपल्या खुणेचे आकडे मोठ्यानं बोलला. “लिव सदा. ही माझी जागा. अंबाजी इथं न्हवता, मी व्हतो. एवढा दर्या कमी करा.” मग दुसरा तांडेल बोलला. मग तिसरा. बापजाद्यांपासून झाकलेल्या मुठी एकेक करून उघडल्या, सदानं नकाशावर फुल्या मारल्या. अकरा फुल्या झाल्या. अंबाजी जिथं नव्हता अशा अकरा जागा. बाकीचा नकाशा होता तसाच निळा राहिला, केवढा तरी.

एका खलाशाच्या बायकोनं नकाशाकडं बघितलं आणि पदर तोंडात कोंबला.

आणि मग सदाच एकदम म्हणाला, “अरं, गोदूमावशी! तांडेल तिच्या कानात सांगून जातो की!”

खोलीतल्या सगळ्यांनी श्वास घेतला. हे कुणाला सुचलं कसं नाही? सुचणार कसं, सकाळपासून सगळे निळ्या वहीच्या भरवशावर बसलेले. आणि दुसऱ्याच्या बायकोला खूण विचारायची नसते, ती जीभच वळत नाही.

“तिला सकाली मीच जाऊन निरोप दिला व्हता, बोट आली न्हाय म्हून,” सदा म्हणाला. “जरा सुदीक डगमगली न्हाय. प्रणय येतोय ना, येवडंच इचारलन. मी म्हनलं येतोय. मंग म्हनली, काय कालजी न्हाय. दादूस, तिला ठावं हाय! तुलाच सांगनार ती. धाव!”

प्रणय धावला. बाइक तिथंच टाकून धावला. मागून चेअरमन तटरक्षकच्या साहेबांना फोनवर सांगत होते, पाच मिनिटं थांबा, फक्त पाच मिनिटं, ठिकाण मिळतंय. पाऊस भुरभुरत होता, गल्लीत चिखल होता, एक चप्पल त्यात राहिली. लहानपणी खाटेवरून बघितलेलं त्याच्या डोळ्यांसमोर आलं, उंबऱ्यात वाकलेला बाप आणि आईची हललेली मान. ही खरी दुसरी प्रत. ना वीज, ना पासवर्ड, कुणाच्या बटणानं पुसली न जाणारी. आपण मूर्ख, पण आपल्या आधीची माणसं शहाणी होती, देवा, किती शहाणी होती! तो धावता धावता रडत होता आणि त्याला ते बरं वाटत होतं.

गोदू पडवीत बसली होती. केस विंचरलेले, कपाळावर कुंकू नीट. मांडीवर सुपात तांदूळ, निवडायला घेतलेले. सकाळपासून बाया येऊन बसून गेल्या होत्या, पण तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“आलास बाला?” ती म्हणाली. “किती भिजलास. चपली कुटं तुजी?”

“आये,” तो उंबऱ्यावर टेकला, त्याला धाप आवरेना. “आये, बाबा जाताना काय बोलला? तुझ्या कानात. कुठली जागा? पटकन सांग, साहेब फोनवर आहेत.”

गोदूनं सूप खाली ठेवलं. त्याच्याकडं बघितलं आणि चक्क हसली. जरा लाजलीसुद्धा.

“ह्या टायमाला कुटं रं सांगितलन? तीस वर्सांत पयल्यांदा तसाच उतरला उंबऱ्यावरून. मी म्हनलं, अवो, इसरलात काय? तर म्हनतो कसा, आता कशाला कानाशी लागतेस म्हातारपनी, माज्या पोरानं दोन ठिकानी लिवून ठेवलंय.” तिनं पदराच्या टोकानं त्याचं ओलं तोंड पुसलं. “पुऱ्या गल्लीला सांगत गेला. म्हून तर मी तुजी वाट बगत बसलेय सकालधरनं. सांग आता त्या सायबाला. कुटं हाय तुजा बापूस?”